दुर्बिणीची बातमी होते, निरोप्याची होत नाही

वाचकहो, पोस्ट लांब आहे. विज्ञानाच्या बातम्या वाचणाऱ्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, ती सवडीने पण शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती. मतभेद असतील तर ते मला हवेच आहेत.

२०२४च्या आरंभी एक बातमी आली. ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या आंतरराष्ट्रीय रेडिओ-दुर्बीण प्रकल्पातील सहभागासाठी भारत सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केले. दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या, ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ अँटेना, विश्वाच्या पहाटेचा शोध. बातमी आनंदाची होती आणि मलाही आनंद झाला. त्याआधी काही महिने, ऑगस्ट २०२३मध्ये, दुसरी बातमी गाजली होती. संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर ‘माया’ ही ‘स्वदेशी’ ऑपरेटिंग सिस्टिम बसवणार, ही ती बातमी.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे वरकरणी वाटत नाही. माझे म्हणणे असे की दोन्ही बातम्यांतून एकच गोष्ट गळून पडली होती आणि ती गोष्ट दुय्यम नाही. एका यंत्रणेत शेकडो स्वतंत्र प्रोग्रॅम एकाच वेळी चालतात, ते एकमेकांशी बोलतात कसे? त्यांचे निरोप कोण पोहोचवतो, कोणत्या करारानुसार पोहोचवतो, आणि तो करार कोणी लिहिला? आपल्याकडे या प्रश्नाला नळजोडणीची किंमत दिली जाते. पाणी येते तोवर नळ कोणाला आठवत नाही. हे दुर्लक्ष महाग पडते, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा विद्यार्थी मोजतात, हे मला आज मांडायचे आहे.

लांब जायला नको, घरापासूनच सुरुवात करू.

लिनक्सवर मराठी टंकलेखन करणाऱ्याने ‘क’ उमटवला म्हणजे नेमके काय घडते? कळ दाबली गेली हे लिबरऑफिससारख्या प्रोग्रॅमला कळते, पण त्या प्रोग्रॅमला मराठी येत नाही. तो हा निरोप ‘आयबस’ नावाच्या वेगळ्या प्रोसेसकडे धाडतो. ‘आयबस’चे पूर्ण नावच मुळी ‘इंटेलिजंट इनपुट बस’ असे आहे. तिथून निरोप मराठीचे नियम जाणणाऱ्या तिसऱ्या प्रोसेसकडे जातो. ती ठरवते की ध्वन्यात्मक मांडणीत ‘के’ ही कळ आली म्हणजे ‘क्’, आणि पाठोपाठ ‘ए’ आली तर ‘क’. मग अर्धवट अक्षर आणि पक्के अक्षर असे दोन प्रकारचे निरोप उलट दिशेने येतात आणि पडद्यावर ‘क’ उमटतो. तुमच्या-माझ्या मराठीचे प्रत्येक अक्षर असा प्रवास करून येते. फेडोराने २००९मध्ये अकराव्या आवृत्तीत जुनी ‘स्किम’ बाजूला ठेवून आयबस स्वीकारली आणि २०१२मध्ये नोम डेस्कटॉपने तिला आपल्यात सामावून घेतले. रेड हॅटच्या पुण्यातील भाषा-गटाने भारतीय भाषांच्या या साखळीवर वर्षानुवर्षे काम केले. मराठी भाषेसाठीचे हे काम राष्ट्रीय विज्ञानवार्तांच्या पानावर आल्याचे मला तरी आठवत नाही.

ही वाट ज्या नियमांवर उभी आहे, ते डी-बसचे नियम. हॅवॉक पेनिंग्टन, ॲलेक्स लार्सन आणि अँडर्स कार्लसन यांनी २००२च्या सुमारास हे काम सुरू केले आणि २००६मध्ये १.० आवृत्ती आली. त्यापूर्वी केडीईचे निरोप ‘डीकॉप’ने जात आणि नोमचे कॉर्बाने. एकाच पडद्यावर चालणारे दोन डेस्कटॉपचे प्रोग्रॅम शेजारी राहूनही एकमेकांची भाषा जाणत नव्हते. एकाच चाळीत दोन बिऱ्हाडांनी एकमेकांशी बोलण्यासाठी तिसऱ्या गावाहून दुभाष्या आणावा, तशी ही स्थिती होती. केडीईने २००८मध्ये चौथ्या आवृत्तीत आपली डीकॉप सोडून डी-बस घेतली. स्वतःचे चालू असलेले तंत्र समाईक करारासाठी सोडणे हा संगणकाच्या इतिहासातील मोठ्या मनाचा प्रसंग आहे, असे मी मानते.

यातील ‘बस’ ही प्रवाशांची गाडी नव्हे. वीजकेंद्रात एक जाड धातूची पट्टी असते, तिला बसबार म्हणतात. प्रत्येक यंत्रापासून प्रत्येक यंत्रापर्यंत तार ओढण्याऐवजी सगळी यंत्रे त्या एकाच पट्टीला जोडली जातात. हिशेब साधा आहे. बारा प्रोग्रॅम परस्परांशी थेट जोडायचे तर ६६ जोडण्या लागतात, बसला जोडायचे तर १२ पुरतात. मात्र डी-बसचे खरे मोल या ६६ आणि १२मध्ये नाही. ते तिच्या शिस्तीत आहे.

ही शिस्त काय आहे? प्रत्येक प्रोसेसला बसवर चढताच एक क्रमांक मिळतो. शिवाय ती एक जाहीर नाव घेऊ शकते, म्हणजे इतरांना क्रमांक ठाऊक असण्याची गरज उरत नाही. निरोपाचे प्रकार चारच: विनंती, उत्तर, चूक आणि संकेत. विनंती एकाला उद्देशून असते. संकेत ही दवंडी असते, ज्याने ऐकण्याची इच्छा नोंदवली आहे त्यालाच ती ऐकू येते. प्रत्येक निरोपातील मजकूर कोणत्या प्रकारचा, पूर्णांक की अक्षरमाला की यादी, हे निरोपावरच लिहिलेले असते. ज्याला निरोप द्यायचा तो प्रोग्रॅम झोपलेला असेल तर बस त्याला उठवू शकते. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्याही प्रोग्रॅमला बसवरूनच विचारता येते, ‘बाबा रे, तुला काय काय करता येते?’ आणि सौजन्य पाळणारा प्रोग्रॅम आपली संपूर्ण यादी पुढे ठेवतो.

आता प्रयोगशाळेत येऊ, कारण माझे खरे भांडण तिथे आहे.

भौतिकशास्त्रज्ञांना बस ही कल्पना नवी नाही. १९७५मध्ये आयईईई-४८८ हे मानक आले. आम्ही त्याला जीपीआयबी म्हणतो. एका बसवर पंधरा उपकरणे, प्रत्येकाला स्वतःचा पत्ता, कोणी बोलायचे आणि कोणी ऐकायचे याचे नियम ठरलेले. पुढे १९८७मध्ये त्यात ‘तू कोण?’ असा एक ठरावीक प्रश्नही आला, ज्याला प्रत्येक उपकरणाने आपले नाव-गाव सांगून उत्तर द्यायचेच. म्हणजे धातू आणि तारांच्या जगात आम्ही जवळपास अर्धशतकापूर्वी शहाणे झालो. मात्र या तारा संगणकाच्या पाठीमागे जिथे संपतात, तिथेच आमचे शहाणपणही संपते. संगणकाच्या आत एकच अगडबंब प्रोग्रॅम बसलेला असतो. तापमान तोच राखतो, चुंबकक्षेत्र तोच बदलतो, व्होल्टेज तोच मोजतो, आलेख तोच काढतो आणि फाइलही तोच लिहितो. एक ना धड, भाराभर चिंध्या, आणि त्या सगळ्या एकाच गाठोड्यात.

माझ्या पीएच.डी.च्या काळातील एक रात्र सांगते. संस्थेचे नाव घेणार नाही. कारण अशी प्रयोगशाळा एकच नाही आणि यात दोष त्या एकीचा नव्हे. क्रायोस्टॅटमध्ये आमच्या गटातील एका कनिष्ठ विद्यार्थ्याचा नमुना होता. त्यावर सूक्ष्म तारा जोडण्यात त्याचे सहा आठवडे गेले होते. रात्रभराचे मोजमाप लावून तो खोलीवर गेला. मध्यरात्री केव्हातरी नेटवर्कवरील ड्राइव्ह प्रतिसाद देईनासा झाला. प्रोग्रॅम फाइल लिहिण्यासाठी थांबला आणि थांबूनच राहिला. तापमान राखणारे गणितही त्याच प्रोग्रॅममध्ये, त्याच ओळींच्या रांगेत उभे होते, तेही थांबले. हीटरला शेवटचा आकडा जो गेला होता तो तसाच राहिला. सकाळी हेलियम उडून गेले होते आणि नमुन्यावरची जोडणी सुटली होती. आणि बैठकीत प्रश्न कोणता विचारला गेला? ‘रात्री थांबला का नाहीस?’

तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस तीन वर्षांपूर्वी पदवी घेऊन परदेशी गेला होता. प्रोग्रॅमच्या आत काय आहे हे उरलेल्यांपैकी कोणालाच पुरते ठाऊक नव्हते, म्हणून त्याला हात लावायला सगळेच भीत. अशा प्रोग्रॅमला आपल्याकडे ‘चालतोय ना, मग राहू दे’ असे प्रमाणपत्र मिळते. खरे तर तो प्रोग्रॅम राहिलेला नसतो, प्रयोगशाळाच त्याच्या दारी पोटभाडेकरू म्हणून राहत असते.

फाइल लिहिणारी प्रोसेस वेगळी असती, तापमान राखणारी वेगळी असती, आणि त्यांच्यात मेसेज बस असती तर काय झाले असते? फाइल लिहिणारी प्रोसेस अडकली असती, एवढेच. तापमान राखणाऱ्या प्रोसेसने उत्तराची वाट न पाहता आपले काम चालू ठेवले असते. पहाऱ्यावरच्या तिसऱ्या प्रोसेसला ‘दहा मिनिटे झाली, फाइलकडून संकेत नाही’ हे उमगले असते आणि तिने प्रयोग सुरक्षितपणे थांबवला असता. एका खोलीतील आग दुसऱ्या खोलीत न जाणे हा घरबांधणीचा नियम आहे. आम्ही मात्र भिंतीच बांधत नाही आणि मग रात्री जागे न राहिल्याबद्दल पोराला बोल लावतो.

आता आक्षेपांकडे वळते. ते मी माझ्याच सहकाऱ्यांकडून ऐकलेले आहेत आणि त्यांतील काही खरे आहेत.

पहिला आक्षेप: बस संथ असते. हे खरे आहे. डी-बसवर विनंती आधी मध्यस्थाकडे जाते, मग पलीकडे. उत्तरही त्याच मार्गाने येते. एका संवादासाठी चार टप्पे होतात. पण किती संथ? मिलिसेकंदाचा काही अंश. वेगाने टंकलेखन करणाऱ्याच्याही दोन कळांमध्ये शंभरेक मिलिसेकंदांचे अंतर असते. क्रायोस्टॅटचे तापमान आपण सेकंदाला फार तर काही वेळा वाचतो. तिथे हा संथपणा कोणाच्या खिजगणतीतही नसतो. कॅमेऱ्याची गोष्ट निराळी. २०४८ गुणिले २०४८ बिंदूंचे, १६ बिटांचे एक चित्र ८ मेबिबाइटचे होते. सेकंदाला अशी शंभर चित्रे बसवरून पाठवणे हा मूर्खपणा ठरेल. त्यासाठी सामायिक स्मृती वापरावी आणि बसवरून केवळ तिची किल्ली द्यावी. डी-बसमध्ये अशी किल्ली, म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर, देण्याची सोय आहे. पोस्टमनच्या पिशवीत धान्याची पोती कोंबायची नसतात. कोठाराची किल्ली पाकिटात घालून द्यायची असते.

हा वाद जागतिक पातळीवरही झालेला आहे. २०१५मध्ये ‘के-डीबस’ या नावाने बसचे काम लिनक्सच्या गाभ्यातच आणण्याचा प्रस्ताव पुढे आला. वेग हा त्यामागचा एक प्रमुख युक्तिवाद होता. लिनस टोरवाल्ड्स यांनी मोजमाप करून दाखवले की संथपणाचे खरे कारण गाभ्याबाहेरच्या ढिसाळ लिखाणात आहे. प्रस्ताव मागे पडला. त्यातून शिकून ‘डीबस-ब्रोकर’ हा नवा मध्यस्थ लिहिला गेला आणि २०१९मध्ये फेडोराने तो स्वीकारला. करार तोच राहिला, केवळ निरोप्या बदलला. वरच्या शेकडो प्रोग्रॅमना आपली भाषा बदलावी लागली नाही. करार आधी लिहून ठेवल्याचा फायदा याहून स्पष्ट कसा दाखवणार?

दुसरा आक्षेप: बसच कोलमडली तर सगळेच ठप्प. हाही खरा. म्हणूनच हीटरचा अतितापरोधक बसवर, किंबहुना कोणत्याही सॉफ्टवेअरवर, विसंबून ठेवू नये. तो तारेतच असावा. बस ही सुरक्षेचा पर्याय नव्हे. पण जो हा आक्षेप घेतो त्याच्या अगडबंब प्रोग्रॅमचा तर कोणताही एक भाग कोलमडला तरी सगळे ठप्प होते, हे तो सोयीस्करपणे विसरतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. बस अक्षरे पोहोचवते, अर्थ पोहोचवत नाही. ‘तापमान ३००’ हा आकडा अचूक पोहोचेल, पण ते केल्व्हिन की सेल्सिअस, हे बसला ठाऊक नसते. १९९९मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान गमावले गेले, कारण एका बाजूचे सॉफ्टवेअर आवेग पाउंड-सेकंदांत देत होते आणि दुसरी बाजू तो न्यूटन-सेकंदांत समजत होती. निरोप पोहोचला होता, अर्थ पोहोचला नव्हता. म्हणून माझा आग्रह बसपेक्षाही बसच्या कराराचा आहे. कोणत्या नावाने बोलावे, काय विचारावे, उत्तर कोणत्या एककात येईल, चूक झाली तर काय कळवले जाईल, हे कागदावर असले पाहिजे. बस लावली म्हणजे हे आपोआप होत नाही. पण बस लावायची म्हटली की हे लिहिण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अगडबंब प्रोग्रॅममध्ये मात्र न लिहिण्याची मुभा असते आणि आपण ती पुरेपूर वापरतो.

आता पुन्हा राष्ट्रीय बातम्यांकडे.

सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७मध्ये ‘बॉस’ लिनक्स आणली. ती डेबियनवर आधारित आहे. ‘माया’ उबुंटूवर आधारित आहे. यात कमीपणा काहीही नाही. मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे, आपल्या गरजेप्रमाणे घडवावे, हेच तर अभिप्रेत आहे. आक्षेप बातम्यांतील ‘स्वदेशी’ या शब्दाच्या वापरावर आहे. या दोन्ही यंत्रणांच्या आत निरोप डी-बसवरूनच जातात, जसे जर्मनीत आणि ब्राझीलमध्ये जातात. पडद्यावरचे चित्र आणि नाव बदलले म्हणून यंत्रणा आपली होत असेल, तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा यापेक्षा ते वेगळे काय? यंत्रणा आपली होते ती करार लिहिणाऱ्यांच्या बैठकीत आपली माणसे बसतात तेव्हा, आपण केलेली दुरुस्ती जगभरच्या यंत्रणांत पोहोचते तेव्हा. त्या पुण्यातील गटाचे काम या अर्थाने अधिक स्वदेशी होते, कारण ते जगाने स्वीकारले.

आपल्याला हे जमत नाही असेही नाही. २०११च्या मार्चमध्ये केडीईची भारतातील परिषद बेंगळुरूच्या आर. व्ही. कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमध्ये भरली. पुढच्याच महिन्यात, नोमची तिसरी आवृत्ती येण्याच्या चार दिवस आधी, नोम-एशियाची परिषदही याच शहरात सुरू झाली. एकेकाळी निरोपांची भाषा न जुळणारे हे दोन्ही डेस्कटॉप महिन्याभराच्या अंतराने एकाच गावात आले, तेव्हा त्यांच्यामध्ये समाईक बस होती.

आणि ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’? त्या प्रकल्पाच्या आराखड्याच्या काळात संपूर्ण दुर्बिणीचे नियंत्रण कसे चालावे हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राकडे होते, म्हणजे नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या चालवणाऱ्या संस्थेकडे. या प्रकल्पाने नियंत्रणासाठी ‘टँगो’ ही चौकट निवडली. तिच्यात आज्ञा कॉर्बावरून जातात आणि संकेत झीरोएमक्यूवरून. ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’च्या भारतीय सहभागाचे समन्वय केंद्र इथे, बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत आहे. त्या दुर्बिणीचे भाग परस्परांशी ज्या सामायिक सॉफ्टवेअरने बोलणार, ते पुण्यात लिहिले गेले आणि सर्वांसाठी खुले आहे. म्हणजे आपल्या देशाने जगाच्या महाकाय दुर्बिणींना जे दिले, त्यात निरोप्याचे काम मोठे आहे. आणि आपण बातमी कशाची करतो? तबकड्यांच्या संख्येची.

याचा परिणाम विद्यार्थ्यांवर होतो. प्रयोगाचे उत्तम, भिंती असलेले, करार लिहिलेले सॉफ्टवेअर उभारण्यात एखादीने वर्ष घालवले, तर सल्लागार समितीत तिला हमखास विचारले जाते, ‘पण यात भौतिकशास्त्र कुठे आहे?’ भौतिकशास्त्र त्या नमुन्यात होते, जो त्या रात्री गेला. सहा आठवड्यांच्या मोजमापावर विश्वास ठेवता येणे यात भौतिकशास्त्र आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक उपकरणाच्या सॉफ्टवेअरचा संवाद-करार लेखी आणि खुला असावा. दोन, पीएच.डी.च्या प्रबंधात असे सॉफ्टवेअर हे परिशिष्ट न मानता स्वतंत्र प्रकरण मानले जावे. तीन, विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांनी ‘किती कोटी’ या प्रश्नाबरोबर ‘याचे भाग एकमेकांशी बोलतात कसे, आणि ते कोणी लिहिले?’ हाही प्रश्न विचारावा.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी आजच्या रात्रीचा गृहपाठ. लिनक्सचा संगणक असेल तर टर्मिनल उघडा आणि ‘डीबस-मॉनिटर’ चालवा. दुसऱ्या खिडकीतून ‘नोटिफाय-सेंड’ने स्वतःलाच मराठीत एक निरोप पाठवा. पडद्याच्या कोपऱ्यात तो उमटेल. पहिल्या खिडकीत मात्र तो कोणाकडून निघाला, कोणाच्या नावावर गेला, त्याबरोबर काय काय होते, हे ओळीओळीने दिसेल. आपल्या प्रयोगशाळेतल्या प्रोग्रॅममधून असे काही दिसते का, हे उद्या सकाळी जाऊन पाहा. दिसत नसेल, तर तुमच्या मार्गदर्शकांना ही पोस्ट दाखवा आणि त्यांचे उत्तर मला इथे कळवा.